कोरी नसलेली डिस्क

वासणा, बडोदे
१८ जानेवारी २०२५

अवंती,

तुझं कुरियर परवा मिळालं. डिस्क कोरी आहे.

मी ती तीन वेळा लावून पाहिली. मऊ कापडाने पुसून पाहिली. मशीनवर दर वेळी 'नो डिस्क' एवढंच येतं. बाबांनी रिमोटची बॅटरी बदलली, तिचा याच्याशी काही संबंध नव्हता. शेवटी मी त्यांच्या कपाटातली एक जुनी सिनेमाची डिस्क त्याच मशीनमध्ये घातली. ती लगेच चालली. म्हणजे मशीन ठीक, टीव्ही ठीक, वायरी ठीक. उरली तुझी डिस्क.

वर नाव मात्र सुबक अक्षरात लिहिलं आहेस, 'सानवी, अरंगेत्रम, डिसेंबर २०२४'. नाव लिहिण्याआधी एकदा लावून बघितली असतीस तर बरं झालं असतं. तीन वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस आणि आता पाठवलीस ती कोरी डिस्क. यातून काही सुचवायचं असेल तर सरळ लिहून कळव. मला सुचवलेलं कळत नाही.

कार्यक्रमाला मी आले नाही ते गुडघ्यांमुळे. पत्रिका फक्त बाबांच्या नावाने होती हेही मी पाहिलं, पण कारण गुडघेच. बाबा येणार होते. तिकीटही काढलं होतं. आदल्या दिवशी म्हणाले, "नको, एकट्याने एवढं बंगलोर नको." मला सोडून जायला त्यांना बरं वाटलं नसावं.

सोळाव्या वर्षी एवढ्या लोकांपुढे पहिल्यांदा एकटीने नाचून सानवीने अरंगेत्रम पूर्ण केलं ही चांगली गोष्ट आहे. तुझ्या वेळी ते राहिलं. तू नाच सोडलास, मग एम.एस्सी. सोडलंस, पुढचं मी पुन्हा लिहीत नाही. निदान मुलीने हाती घेतलेलं पुरं केलं.

डिस्क पुन्हा पाठव. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघी दुसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान वाक्य पुरं होतं.

आई

•

वासणा, बडोदे
२९ जानेवारी २०२५

अवंती,

तुझं उत्तर आलं. चारच वाक्यं. 'डिस्क कोरी नाही. ती ब्लू-रे आहे. तुमचं मशीन डीव्हीडीचं आहे. बाबांना सांग.'

मी तुझं पत्र आणि डिस्क दोन्ही घेऊन कुशलच्या दुकानात गेले. कुशल म्हणजे माझ्या शाळेत दहावीला होता तो, तू त्याला पाहिलं असशील, शेवटच्या बाकावर बसून रेडिओ उघडायचा. आता पंचेचाळिशीचा आहे, रावपुऱ्यात टीव्ही-दुरुस्तीचं दुकान आहे. मला पाहून अजून उभा राहतो.

म्हणाला, "बेन, डिस्क कोरी नथी. तुमचं मशीन लाल प्रकाशाने वाचतं. या डिस्कवरच्या रेषा फार बारीक, त्याला निळा प्रकाश लागतो. लालला त्या दिसतच नाहीत, म्हणून तो म्हणतो डिस्कच नाही."

मी डिस्क उलटून पाहिली.

"बेन, तरंगलांबी. तुम्हीच शिकवली होती. मला उत्तर आलं नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही हसली. तेव्हा डिस्क कोरी आहे असं मी लिहिलं ते चुकलं. मशीनला वाचता आलं नाही आणि मी दोष डिस्कला दिला. हे मी लिहून देते आहे.

आता प्रश्न असा आहे. नवीन ब्लू-रे मशीन पंधरा हजारांच्या आसपास, तेही मागवावं लागतं, कारण लोक आता सगळं फोनवरच बघतात. एका डिस्कसाठी पंधरा हजार मला पटत नाही. चित्र जास्त स्पष्ट दिसतं म्हणे. किती जास्त? आपल्या हॉलमध्ये, नऊ फुटांवरून, सत्तरीतल्या माणसांना? ते कुणी मोजून सांगत नाही, जाहिरातीत फक्त फुलपाखराचे पंख दाखवतात. मी बाबांना म्हटलं, अवंतीला सांगू साधी डीव्हीडी करून पाठव, नाचणारी मुलगी तीच राहील.

तर तुझे बाबा म्हणाले, "मला ते मशीन हवंय."

सेहेचाळीस वर्षांत या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं नाही. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले तेव्हा घड्याळ मिळालं, ते समोरच्या गणपतरावांना देऊन आले. मी विचारलं, "कशासाठी?"

"आजकाल डीव्हीडीचं चित्र धूसर येतं, निरू."

"मला तर येत नाही."

"तू बघतेस कुठे? तू वर्तमानपत्र वाचत बसतेस."

हे खरं आहे. मग त्यांनी आणखी एकदा म्हटलं, हवंय. दोनदा म्हटलं म्हणून मी पुन्हा कुशलकडे गेले. त्याच्याकडे कुणाचं तरी वापरलेलं मशीन पडून होतं. "आठ दिवस ठेवा, बेन. न गमे तो पाछुं आपजो." म्हणजे आवडलं नाही तर परत करायचं. सोबत एकाच सिनेमाच्या दोन डिस्कही मी मागून आणल्या, एक साधी, एक ब्लू-रे. सानवीची डिस्क लावण्याआधी मी नीट चाचणी घेणार आहे. फरक पडत असेल तर मशीन ठेवीन. नसेल तर बाबांचा हट्ट आणि तुझा थाट दोन्ही मिटेल, आणि तू साधी डिस्क पाठवशील.

तुझ्या पत्रात शेवटी 'बाबांना सांग' का, हे मला कळलं नाही. मशीनच्या गोष्टी घरात मीच बघते.

आई

•

वासणा, बडोदे
७ फेब्रुवारी २०२५, दुपार

अवंती,

चाचणी झाली. निकाल कळवते.

दोन्ही मशीन टीव्हीला जोडली, पडदे ओढले. बाबांना नेहमीच्या खुर्चीत बसवलं. मी मधून मधून एक किंवा दुसरं मशीन लावायचं, लावताना त्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, मग वळून सांगायचं: साधी की ब्लू-रे. दहा वेळा. क्रम मी आधी कागदावर लिहून ठेवला होता, नाहीतर माणूस नकळत आलटून पालटून लावतो.

दहापैकी पाच बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी पाचच आले असते. आणि दर वेळी छाती पुढे काढून सांगत होते, "ही बघ, ही ब्लू-रे. काय चित्र आहे." सातव्या वेळी ते असं म्हणाले तेव्हा पडद्यावर साधी डीव्हीडी होती. मला हसू आवरेना.

निष्कर्ष: खर्च व्यर्थ. मी त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "बरं. परत देऊन टाक." आणि उठून आत गेले. मला वाटलं होतं जरा भांडतील.

तेव्हा साधी डीव्हीडी करून पाठव. घाई नाही.

आई

त्याच दिवशी, संध्याकाळी पाच

हे पत्र पाकिटात घातलं नव्हतं. पुढचं लिहायला हवं.

मशीन सोडवताना ब्लू-रे चालूच राहिली होती. बाजाराचा प्रसंग होता. मी वायर हातात घेऊन उभी राहिले, कारण मागे एका दुकानाच्या पाटीवरचं बारीक अक्षर मला चष्म्याशिवाय वाचता आलं. मुद्दाम तेच दृश्य साध्या डिस्कवर लावलं. तिथे पाटी होती, अक्षर नव्हतं. पुन्हा ब्लू-रे लावली. अवंती, फरक आहे. चांगला ठसठशीत फरक आहे. चाचणी दिली असती तर माझे दहापैकी दहा आले असते.

चाचणीत चूक नव्हती. तिचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली.

मी बाबांना बाहेर बोलावलं. चित्र थांबवलं आणि विचारलं, "अहो, त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"कुठल्या पाटीवर?"

पाटी पडद्याच्या बरोबर मध्यावर होती, हातभर लांब.

मी सानवीची जुनी आलेख-वही शोधून काढली, ती सुट्टीत इथे विसरून गेली होती ती. मधोमध पेनने ठिपका काढला आणि भिंतीला लावली. "एक डोळा झाका. ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ आहेत?"

ते खूप वेळ बघत होते. मग म्हणाले, "ठिपका कुठे काढलायस?"

दुसऱ्या डोळ्याने ठिपका दिसतो, पण रेघा मध्ये आत ओढल्यासारख्या वाकतात, जसं चादरीखाली कुणी बोट धरावं.

"किती दिवस?"

"बस खाली, निरू."

"किती दिवस?"

"वर्ष झालं असेल. उजव्याचं जास्त."

उद्या सकाळी डॉक्टरकडे जातो आहोत. हे पत्र वरच्या निकालासकट तसंच पाठवते आहे, फाडत नाही.

आई

•

वासणा, बडोदे
१७ फेब्रुवारी २०२५

अवंती,

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण गुळमुळीत बोलत नाहीत, म्हणून मला आवडल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो आहे. उजव्यातला मधला भाग गेला, तो परत येणार नाही. डाव्यात आत पाणी झिरपतं आहे, त्यासाठी डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन. पहिलं झालं. सुईला ते घाबरले नाहीत, मी घाबरले. नजर वाढेल असं बाई म्हणत नाहीत, आहे ती धरून ठेवू म्हणतात. वर्षभर आधी आले असते तर उजव्याचंही काही करता आलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं.

चेहरे, अक्षरं, मधलं सगळं जाईल. कडेचं राहील. घरात चालता-फिरता येईल.

तुझं पत्र मिळालं. पाच पानी. म्हणजे तुला जूनपासून माहीत होतं. बाबा गच्चीवर जाऊन फोन करत आणि तू बंगलोरला ये, डोळे दाखव म्हणून मागे लागली होतीस, आणि त्यांनी तुला माझी शपथ घातली होती. 'बाबांना सांग' म्हणजे हे. मी त्यांच्याशी बोलायला जावं आणि त्यांनी मला ते सांगावं असं तू सुचवत होतीस, आणि मी 'मला सुचवलेलं कळत नाही' असं लिहून बसले होते.

दोन दिवस मी दोघांशी मनातल्या मनात बोलत नव्हते. मग मागचं एकेक आठवायला लागलं. उत्तरायणाला ते यंदा गच्चीवर नुसती फिरकी धरून उभे राहिले. गणपतराव म्हणाले, "अरे आनंद, पेच कोण लावणार?" तर म्हणाले, आता तुम्ही लावा. आकाशात पतंग दिसत नव्हता त्यांना. बंगलोरचं तिकीट रद्द केलं ते माझ्याखातर नव्हतं, स्टेशनवर डब्याचा नंबर वाचता आला नसता. आणि मी शेजारी वर्तमानपत्र उघडून बसले होते.

दवाखान्यातून येताना रिक्षात मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू लगेच कामाला लागली असतीस. तक्ता केला असतास. गाजराचा रस दिला असतास."

"मग द्यायलाच हवा होता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"आणि मशीन कशासाठी हवं होतं? धूसर का दिसतंय हे तर तुम्हाला ठाऊक होतं."

ते बाहेर बघायला लागले, म्हणजे आता जसं बघतात तसं, जरा तिरपं. मग म्हणाले, "आमच्या प्लांटवर एखाद्या मीटरचा काटा नीट वाचत नसेल तर आम्ही आधी सिग्नल वाढवून बघायचो. काटा लगेच बदलत नसू. मला वाटलं, चित्रच सहापट बारीक असेल तर डोळ्यातल्या त्या भोकाच्या कडेने पोरीचा चेहरा थोडा तरी आत येईल."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं म्हणून मी पर्स उघडून काहीतरी शोधत राहिले.

तुझ्या पाचव्या पानाला उत्तर देते. तू लिहिलं आहेस की दिग्विजयला सोडून तू सानवीला घेऊन इथे आलीस त्या दिवशी मी दारातच म्हटलं, "तू एकही गोष्ट तडीला नेत नाहीस," आणि तू सुटकेस न उघडता दुसऱ्या दिवशी गेलीस. मी ते म्हटलं. शब्द तेच होते. तुझी आठवण बरोबर आहे.

आणि पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू नाच सोडलास. तो तू सोडला नव्हतास. बारावीच्या जूनमध्ये मी तुझ्या गुरुजींकडे जाऊन सांगून आले की अवंती उद्यापासून येणार नाही. तुला घरी येऊन कळवलं. अरंगेत्रमला सहा महिने राहिले होते. तू रडली नाहीस, त्यावरून तुला फारसं वाटलं नाही असं मी धरलं आणि पुढची सत्तावीस वर्षं तेच सांगत आले, कारण ते मला सोयीचं होतं. गुडघे मला तसे फारसे त्रास देत नाहीत. सानवीला पूर्ण नाचताना मला बघवलं नसतं.

हे बाबांना वाचून दाखवलं नाही. हे तुझं-माझं.

आई

•

वासणा, बडोदे
२ मार्च २०२५

अवंती,

काल दुपारी सानवीची डिस्क लावली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की समोर बघू नका, कडेने बघा. म्हणून बाबांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली, टीव्ही डाव्या खांद्याच्या बाजूला. नवीन शर्ट घातला होता त्यांनी. मी शेजारी स्टूल घेतलं.

पडदा वर गेला. बाबा म्हणाले, "लाल काहीतरी हललं."

"ती साडी. लाल आणि हिरवा काठ. ती आत येते आहे."

"चेहरा?"

"तुमच्या आईचं कपाळ आहे. बाकी अवंती."

"बोलत राहा."

म्हणून मी बोलत राहिले. दोन तास आठ मिनिटं. शाळेत सुद्धा मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. उजवा पाय पुढे आपटला. हात छातीशी. मान डावीकडे, डोळे उजवीकडे. दोन पावलं मागे. पंधरा मिनिटांनी बाबा म्हणाले, "निरू, हे शिफ्टच्या रिपोर्टसारखं वाटतंय. व्हॉल्व्ह उघडला, व्हॉल्व्ह बंद केला."

"मग तुम्हीच सांगा कसं सांगू."

"मला कुठे दिसतंय? ती नुसतं काय करते ते सांगू नकोस. कशी करते ते सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून लावली. आता मात्र नीट बघितलं. ओठावर घामाचे थेंब होते. वेणीतला गजरा दुसऱ्या नाचात एका बाजूने सुटला आणि तिने मान वळवण्याच्या निमित्ताने तो खांद्यामागे टाकला, चेहऱ्यावर काही दिसू न देता. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. कठीण जागा आली की ती खालचा ओठ किंचित आत घेते. तू गणितं करताना घ्यायचीस तसा. हे सगळं मी बाबांना सांगितलं. चिकटपट्टीचं ऐकून ते म्हणाले, "लागलं असेल गं तिला," आणि थोडा वेळ आम्ही ती थांबवून बसलो.

यातलं काहीच साध्या डिस्कवर दिसलं नसतं. गजऱ्याचा पांढरा ठिपका दिसला असता, तो सुटलेला दिसला नसता. माझा जुना निष्कर्ष मी मागे घेते. मशीन बाबांसाठी घ्यायचं की नाही असा प्रश्न मी मांडला होता, तो चुकीचा मांडला होता. या घरात आता बघायचं काम मला आहे, आणि दोघांसाठी बघायचं तर मला चांगलं चित्र लागेल. कुशलला मी आज जाऊन मशीनचे पैसे देऊन आले. कमी घ्यायला बघत होता, मी घेऊ दिले नाहीत.

पण एका ठिकाणी मी अडले. शेवटून दुसरा नाच आहे, संथ. गाणं तेलुगूत आहे, मला कळत नाही. सानवी एका जागी बसते. कुणीतरी समोर आहे, आपल्याला दिसत नाही, तिला दिसतं. ती हात पुढे करते, मग तो मागे घेते. बोटं अशी मिटते की एकच उघडं राहतं. मग वर बघते आणि काहीतरी विचारते. तोंडाने नाही, चेहऱ्याने. आणि उत्तर मिळाल्यासारखी हसते.

बाबांनी विचारलं, "काय झालं? का थांबलीस?"

मी म्हटलं, "ती काहीतरी विचारते आहे."

"कुणाला?"

"माहीत नाही."

"काय विचारते?"

मला सांगता येईना. मी बोटं कशी होती ते सांगितलं, भुवया कशा होत्या ते सांगितलं. बाबा म्हणाले, नुसत्या भुवया नकोत. त्या बोटांना नाव असतं, त्या बघण्याला अर्थ असतो, हे मला ठाऊक आहे. तू बाराव्या वर्षी स्वयंपाकघरात उभी राहून मला ते सांगायला यायचीस आणि मी म्हणायची, आधी ताटं घे.

बाईंनी डाव्या डोळ्याबद्दल काही वचन दिलेलं नाही. आज कडेने लाल रंग आणि हालचाल दिसते आहे. पुढचं इंजेक्शन दहा तारखेला आहे. मी डिस्क तिथेच थांबवून ठेवली आहे, मशीन पुन्हा चालू केलं की तिथूनच सुरू होतं असं कुशल म्हणाला. आज सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "अवंतीला विचारलंस का, ती पोरगी काय म्हणत होती?"

हे पत्रातून लिहून पाठवू नकोस. मी ते वाचून दाखवीन आणि पुन्हा शिफ्टचा रिपोर्ट होईल. सानवीची परीक्षा कधी संपते ते कळव. ती संपेपर्यंत थांबायचं नसेल तर एकटी ये. मी स्टेशनवर येते, फलाटावर, पुलावर चढून. तुझी खोली झाडून घेतली आहे. दारात मी काहीही बोलणार नाही.

हॉलमध्ये बाबांच्या डाव्या बाजूला स्टूल आहे. तिथे तू बस. मी मागे उभी राहीन, तू त्यांना सांग, मीही ऐकते.

तुझी,
आई